नेहमीसारखं म्हणजे किती?

उल्हासनगरच्या कॅम्पांत घरी बसून जीन्सचे धागे कापणारी बाई असो, की बदलापूरहून पहाटेची लोकल पकडणारी, पाळीत अंगावरून किती जातं असं विचारलं की उत्तर येतं, ‘नेहमीसारखं.’ हे ‘नेहमीसारखं’ मोजण्याची धडपड साठ वर्षांची आहे.

1964 मध्ये स्वीडनच्या हालबर्ग आणि निल्सन यांनी वापरलेले पॅड सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये भिजवून त्यांतलं रक्त रंगावरून मोजण्याची पद्धत मांडली. दोन वर्षांनी हालबर्ग यांनी गोथेनबर्गमधल्या 476 स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वसाधारण पाळीत 30-40 मिलिलिटर रक्त जातं आणि 80च्या पुढे गेलं की अंगातलं लोह आटू लागतं, हे त्या काळात पक्कं झालं. मात्र त्यासाठी बाईने पाळीतला प्रत्येक पॅड साठवून प्रयोगशाळेत न्यायचा. संशोधनापुरतं ते ठीक, रोजच्या ओपीडीत कसं जमावं?

1990 मध्ये ब्रिटनमधल्या जेनी हायम आणि सहकाऱ्यांनी हे काम एका कागदावर आणलं. कागदावर पॅडची तीन चित्रं: जेमतेम डागाळलेला, बराच भिजलेला, पूर्ण भिजलेला. बाईने प्रत्येक वेळी पॅड बदलताना जुळणाऱ्या चित्रासमोर रेघ मारायची. गुण अनुक्रमे 1, 5 आणि 20. लहान गाठीला 1, मोठीला 5. गाठींचं माप त्यांनी ब्रिटिश नाण्यांवरून दिलं; आपल्याकडे नवा रुपया आणि दहाचं नाणं जवळपास त्याच आकाराचे आहेत. बेरीज शंभर किंवा त्याहून जास्त झाली, तर रक्त बहुधा 80 मिलिलिटरच्या वर गेलं.

या कागदाचं मला मोठं अप्रूप वाटतं, कारण तो नुसते पॅड मोजत नाही, डाग बघायला लावतो. लोकलच्या गर्दीत जिला तासन्‌तास पॅड बदलता येत नाही, किंवा पैसे वाचवायला जी एकावरच दिवस काढते, तिच्या पॅडची संख्या कमी भरते, रक्त कमी जात नाही. अर्थात ही मोजणी अंदाजाचीच. चित्रं त्या काळच्या पॅडवरून काढलेली. आजचे जेलवाले पॅड वेगळं शोषतात, कापडाचा तर हिशेबच निराळा. पुढच्या संशोधकांनी शंभराऐवजी वेगळ्या मर्यादाही सुचवल्या.

2007 मध्ये ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने आकडा बाजूला ठेवला: रक्तस्रावाने बाईचं जगणं अडत असेल, तर तो जास्तच. हे मला पटतं, पण जिने अडणंच नेहमीचं मानलं, ती तक्रार करणार कशी? 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. कारणं अनेक आहेत, पण पाळीचा हिशेब क्वचितच कोणी विचारतो. दुसरं टोक म्हणजे थेट पिशवीच काढणं: 2019 मध्येच बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया उघडकीस आल्या आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली.

डाग न समजण्याची सर्वांत भयंकर किंमत उल्हासनगर-बदलापूरच्या पट्ट्याने पाहिली. मे 2023 मध्ये उल्हासनगरात बारा वर्षांच्या मुलीच्या कपड्यांवरचे पाळीचे डाग पाहून भावाने भलताच संशय घेतला आणि मारहाण करून तिचा जीव घेतला, असं पोलिसांनी सांगितलं. डागांच्या चित्रांचा तो कागद घरातल्या मुलग्यांनीही पाहायला हवा.

वयात येतानाच फार जात असेल, तर रक्त न गोठण्याचा आजारही असू शकतो. असा आजार फॉन विलेब्रांड यांनी 1926 मध्ये नोंदवला. त्यांची लहानगी रुग्ण पुढे वयात आल्यावर चौथ्या पाळीत रक्तस्रावाने दगावली. आज त्याचं निदान परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्थेत होतं.

तेव्हा बायांनो, पुढच्या दोन पाळ्या वहीत रेघा मारा. ती वही घेऊन उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात, अंबरनाथच्या छाया रुग्णालयात किंवा बदलापूरच्या ग्रामीण रुग्णालयात जा आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. कोणी पिशवी काढायला सांगितलं, तर आधी औषधांचे पर्याय विचारा आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.