डिटेक्टर जनरेटरपाशी नको, उशाशी हवा

जुलै 2021. चंद्रपूरला लागून असलेल्या दुर्गापुरात रात्री लाइन गेली, घरातच ठेवलेला जनरेटर सुरू झाला आणि माणसं झोपली. 13 तारखेच्या सकाळी एकाच कुटुंबातल्या सहा जणांचा मृत्यू झाल्याचं उघडकीस आलं. 'धुराने गुदमरले' असं आपण सहज म्हणून जातो. पण धुराने माणूस खोकतो, डोळे चोळत उठतो. जीव घेतो तो कार्बन मोनॉक्साइड, आणि त्याला ना रंग, ना वास. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. ज्यांच्या अंगात आधीच रक्त कमी, त्यांना तो लवकर बाधतो. सिकलसेलचे इतके रुग्ण असलेल्या आपल्या भागात हे ध्यानात ठेवायला हवं.

गडचांदूर सिमेंटचं गाव. भट्टीतून निघणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइड वाढला तर धूळ पकडणारा ईएसपी आपोआप बंद पडावा, अशी सोय सिमेंट कारखान्यांत असते, कारण ठिणगी पडून स्फोट होऊ शकतो. कामावर त्याचं मोजमाप, घरी मात्र सिगडी पेटवून दार बंद!

आता कोणी कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर आणलाच, तर तो हमखास जमिनीलगत लावतात. 'गॅस जड असतो, खाली बसतो' हे सिलिंडरच्या गॅसबाबत खरं आहे. त्यातले प्रोपेन आणि ब्युटेन हवेपेक्षा दीड ते दोन पट जड. कार्बन मोनॉक्साइडचा रेणुभार 28, हवेचा सरासरी 29. म्हणजे तो ना खाली बसतो ना वर साचतो, खोलीभर मिसळतो. म्हणून एलपीजीचा डिटेक्टर खाली, धुराचा छताला आणि हा झोपायच्या खोलीत, पलंगावर आडवं पडल्यावर नाक येतं त्या उंचीला. दुमजली घर असेल तर वरच्या मजल्यावर वेगळा. आवाजाने झोप मोडली पाहिजे, एवढंच त्याचं काम.

'जिथे जळतं तिथेच चिकटवा' हाही घोटाळाच. शेगडीच्या डोक्यावर तो उगाच बोंबलतो, न्हाणीघरात वाफेने बिघडतो. गीझर किंवा चूल असलेल्या खोलीत लावायचाच तर त्यापासून एक ते तीन मीटर लांब. पडद्यामागे, कपाटाआड किंवा कूलरच्या झोतात नको. झोतात तो बाहेरचीच हवा मोजत बसेल. शिवाय अनेक डिटेक्टर साधारण 40 अंशांपर्यंतच चालतील असे बनवलेले असतात. आपला मे महिना 45 च्या पुढे जातो, म्हणजे टिनाच्या छपराखालची जागा बाद.

उदबत्तीचा धूर दाखवून 'वाजत नाही, खराब आहे' असं ठरवू नका. युरोपीय मानकाप्रमाणे 50 पीपीएमला तो 60 ते 90 मिनिटांनी वाजतो, 300 पीपीएमला मात्र तीन मिनिटांच्या आत. टेस्टचं बटण मुख्यतः बॅटरी आणि भोंगा तपासतं. सेन्सरचं आयुष्य साधारण पाच ते दहा वर्षं. मुदत बहुधा मागच्या बाजूला छापलेली असते.

डिटेक्टर लावला म्हणून जनरेटर आत आणायची मुभा मिळत नाही. तो घरापासून किमान 20 फूट लांब, खिडकीकडे धूर येणार नाही असा ठेवा. भोंगा वाजला तर आधी सगळ्यांना घेऊन बाहेर पडा, मग 108 ला फोन. दवाखान्यात 'जनरेटर चालू होता' हे पहिल्यांदा सांगा, कारण बोटाला लावायचा ऑक्सिमीटर अशा रुग्णाचाही आकडा 98 दाखवू शकतो.