पोस्टाच्या शिक्क्यावरची मूळ संख्या

आपल्याकडे पाकिटावरच्या टपालाच्या शिक्क्यात पूर्वी कधी पिनकोड लिहिण्याची, तर कधी अल्पबचतीची सूचना असायची. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून १९६३ नंतर बारा-तेरा वर्षे जी पत्रे जात, त्यांच्यावरच्या शिक्क्यात मात्र सांगितलेले असे की, २ चा ११२१३वा घात वजा १ ही मूळ संख्या आहे. ही बातमी जगाला कळवावी असे त्या विद्यापीठाला वाटले, यातच तिचे महत्त्व आले. आणि ती हाती लागली होती एका नव्या महासंगणकाची परीक्षा घेता घेता.

या महासंगणकाचे नाव 'इलियाक-२'. त्याच्या आधीचा 'इलियाक' १९५२ मध्ये याच विद्यापीठात सुरू झाला. वजन सुमारे पाच टन, आणि आत २८०० व्हॉल्व्ह. जुन्या रेडिओत तापून लालसर दिसणारे व्हॉल्व्ह ज्यांनी पाहिले आहेत, त्यांनी तसे २८०० एका खोलीत डोळ्यांपुढे आणावेत! 'इलियाक-२' ट्रान्झिस्टरवर चालणारा होता. आधीच्या यंत्राच्या शंभर पट तरी वेग हवा, हे उद्दिष्ट ठेवून त्याची आखणी झाली आणि १९६२ मध्ये तो चालू लागला. मुंबईत 'टिफ्रॅक' हा संगणक उभारणाऱ्या गटाचे प्रमुख आर. नरसिंहन याच सुमारास इलिनॉयच्या संगणक प्रयोगशाळेत संशोधन करत होते. ते काम मात्र पुढच्या, म्हणजे 'इलियाक-३' या यंत्रासाठी होते.

'इलियाक-२'चा वेग केवळ ट्रान्झिस्टरमुळे आलेला नव्हता. पंगतीच्या स्वयंपाकात एकजण पोळी लाटते, दुसरी भाजते, तिसरी तूप लावते. पहिली पोळी ताटात पडेपर्यंत दुसरी लाटायला घ्यायचीच नाही असे ठरवले, तर पंगत उठायची कधी? या यंत्रातही एक आज्ञा पुरी होण्याआधीच पुढच्या आज्ञेचे काम सुरू होई. ही कल्पना प्रत्यक्षात आणणाऱ्या अगदी पहिल्या संगणकांपैकी हा एक. त्याच्या या नियंत्रणाची रचना केली डोनाल्ड गिलीज यांनी. गिलीज मूळचे कॅनडाचे, टोरांटोत जन्मलेले. प्रिन्स्टनला जॉन फॉन नॉयमन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली होती.

यंत्र तयार झाले, पण ते बरोबर चालते हे ठरवायचे कसे? दोन आणि दोन चार येतात हे पाहून भागत नाही. लाखो बेरजा बरोबर करून एखादीच चुकवणारे यंत्र तर फार घातक, कारण त्याच्यावर आपला विश्वास बसलेला असतो. गिलीज यांनी परीक्षेला जो प्रश्न निवडला, तो मला फार आवडतो.

ज्या संख्येला १ आणि ती स्वतः यांखेरीज दुसरे कोणी नि:शेष भागत नाही, ती मूळ संख्या. २ चा एखादा घात घेऊन त्यातून १ वजा केला की कधीकधी मूळ संख्या मिळते. दुसरा, तिसरा, पाचवा, सातवा घात घेतला तर ३, ७, ३१, १२७ येतात, आणि त्या सगळ्या मूळ आहेत. वाटते, मूळ क्रमांकाचा घात घेतला की झाले. पण अकराव्या घाताला गाडी अडते. २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. सतराव्या शतकातल्या मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूच्या नावाने या संख्या ओळखल्या जातात.

अशी संख्या मूळ आहे की नाही, हे तपासण्याची युक्ती ल्यूका आणि लेमर यांनी दिली. मी वर्गात ती ३१ घेऊन करून दाखवत असे. ४ पासून सुरुवात करा. वर्ग करा, २ वजा करा, ३१ ने भागून बाकी ठेवा. पहिल्यांदा १४ येतात. १४ चा वर्ग १९६, वजा २ म्हणजे १९४, बाकी ८. ८ चा वर्ग ६४, वजा २ म्हणजे ६२, आणि बाकी शून्य! घात पाचवा म्हणून पायऱ्या तीन, दोन कमी. शेवटी शून्य आले तर संख्या मूळ, न आले तर नाही.

११२१३व्या घातासाठी अशा ११२११ पायऱ्या लागतात, आणि बहुतेक पायऱ्यांवर हजारो अंकी संख्येचा वर्ग करावा लागतो. एका पायरीचे उत्तर पुढच्या पायरीत जाते, त्यामुळे कुठे एक अंक जरी चुकला तरी ती चूक पुढे पसरत जाते. मग शेवटी शून्य येण्याची आशाच नको. म्हणून आधीच ठाऊक असलेली मूळ संख्या यंत्राला द्यायची आणि शून्याची वाट पाहायची. ते आले की यंत्र पास.

ही तपासणी साधारण तीन आठवडे चालली. माहीत असलेल्या सगळ्या मर्सेन मूळ संख्या यंत्राने बरोबर ओळखल्या, आणि वर तीन नव्या शोधून दिल्या: घात ९६८९, ९९४१ आणि ११२१३. शेवटची ३३७६ अंकी. दर ओळीत तीस अंक छापले तर एकशे तेरा ओळी होतील. त्या वेळी जगाला ठाऊक असलेली ती सर्वांत मोठी मूळ संख्या होती. १९७१ मध्ये तिचा विक्रम मोडला. तरी शिक्क्यावरचे वाक्य खोटे झाले नाही, कारण त्यात 'सर्वांत मोठी' असे म्हटलेच नव्हते!

अशी परीक्षा हा नुसता उपचार नव्हे. १९९४ मध्ये थॉमस नाइसली हे अमेरिकन प्राध्यापक जोडमूळ संख्यांवर काम करत होते. त्यांची उत्तरे जुळेनात. शोध घेता घेता इंटेलच्या पेंटियम चिपमधल्या भागाकाराचा दोष उघडा पडला. चिप बदलून देण्यापोटी कंपनीला ४७ कोटी ५० लाख डॉलर बाजूला काढावे लागले.

इलिनॉयचा शिक्का १९७६ मध्ये बदलला, तोही गणितासाठीच. तिथल्याच केनेथ अ‍ॅपल आणि वुल्फगँग हाकेन यांनी कोणताही नकाशा रंगवायला चार रंग पुरतात हे सिद्ध केले आणि 'चार रंग पुरतात' हे नव्या शिक्क्यावर आले. या सिद्धतेला संगणकाचे सुमारे १२०० तास लागले होते. तेव्हा अनेक गणिती नाराज झाले. जी सिद्धता माणसाला वाचून पडताळता येत नाही, ती सिद्धता कशी? मला हा आक्षेप पोरकट वाटत नाही. मर्सेन संख्येचे उत्तर दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्या कार्यक्रमाने पुन्हा काढून ताडून पाहता येते. २०२४ मध्ये सापडलेल्या ४ कोटी १० लाखांहून अधिक अंकांच्या मूळ संख्येचेही तसेच केले गेले. चार रंगांच्या सिद्धतेवरचा वाद शमायला मात्र बरीच वर्षे लागली.

'इलियाक-२' सुमारे दहा वर्षे चालला, मग मोडीत निघाला. त्याचे सुटे भाग प्राध्यापकांनी आठवण म्हणून घरी नेले. गिलीज यांनी बारा भाग ठेवले, बहुतेक नियंत्रणाचे, म्हणजे त्यांनी स्वतः रचना केलेले. १९७५ मध्ये, वयाच्या अवघ्या ४६व्या वर्षी ते वारले. त्या बारांपैकी दहा भाग आणि यंत्राची दर्शनी पट्टी त्यांच्या कुटुंबीयांनी २००६ मध्ये विद्यापीठाला परत दिली.