फी भरण्याआधी लेकीबरोबर कॉलेज बघून या



दहावी-बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच विषय असतो, आता पुढं काय? बहुतेक घरांत ते घाईतच ठरतं. मुलीची मैत्रीण जाते त्याच कॉलेजात हिचं नाव घालायचं, नाहीतर काकांनी कुणाला तरी विचारून सांगितलं तिथं. फॉर्म नेट कॅफेत भरला जातो. फीचे पैसे गटातून कर्ज काढून उभे राहतात. आणि आईनं ते कॉलेज डोळ्यांनी बघितलेलंच नसतं.

आपण शेळी घ्यायला बाजारात गेलो तर दात बघतो, कास बघतो, चार पावलं चालवून बघतो. मग मुलीची तीन वर्षं जिथं जाणार, ती जागा न बघता पैसे का भरायचे? "मला काय कळतंय कॉलेजातलं?" असं म्हणू नका. गटाचं रजिस्टर तुम्ही तपासता, बँकेत साहेबांसमोर बसून कर्जाचं बोलता. तीच नजर आणि तेच प्रश्न इथं कामाला येतात.

मुलीचं शिक्षण दरवेळी नापास झाल्यामुळे सुटत नाही. संध्याकाळची बस मिळत नाही म्हणून सुटतं. कॉलेजात तासच होत नाहीत म्हणून सुटतं. बाथरूमला पाणी नाही म्हणून ती पाळीच्या दिवसांत घरी राहते, मग आठवडा बुडतो, मग महिना. आणि मुलगी घरी बसलेली दिसली की लग्नाचा विषय निघायला वेळ लागत नाही. यातलं बरंचसं एका दिवसाच्या भेटीत आधीच दिसतं.

कधी जायचं, कसं जायचं

निकालाची वाट बघू नका. मे महिन्यात कॉलेजला सुट्टी असते, तेव्हा गेलात तर रिकाम्या भिंती आणि ऑफिसचा एक क्लार्क एवढंच दिसेल. मुलगी दहावी-बारावीला असतानाच, दिवाळीनंतर एखाद्या कामाच्या दिवशी जा. तेव्हा जमलं नाही, तर प्रवेश चालू असताना जून-जुलैमध्ये तरी जाच. तेव्हा वरच्या वर्गांचे तास सुरू होत असतात.

२०२५ पासून अकरावीचा प्रवेश सगळ्या महाराष्ट्रात ऑनलाइन झाला आहे. फॉर्ममध्ये १० पर्यंत कॉलेजांची नावं पसंतीच्या क्रमानं लिहिता येतात. पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं आणि तिथं प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडावं लागतं. म्हणून पहिलं नाव लिहिण्याआधीच ते कॉलेज बघितलेलं बरं.

कुणाच्या गाडीवरून जाऊ नका. मुलगी रोज ज्या एसटीनं जाणार, त्याच एसटीनं जा. बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे खर्च फार नाही. वाटेत एवढं बघा:

- बस किती वाजता येते आणि पहिल्या तासाला पोचते का?
- स्टँडपासून कॉलेज किती लांब आहे? रस्ता वस्तीतून जातो की आडरानातून?
- शेवटचा तास किंवा प्रॅक्टिकल किती वाजता सुटतं आणि त्यानंतर गावाकडं बस आहे का?

शेवटचा प्रश्न सगळ्यात मोठा. सायन्सचे प्रॅक्टिकल दुपारी असतात. साडेचारची बस चुकली आणि पुढची सातला असेल, तर ते अडीच तास मुलगी कुठं बसणार? ग्रंथालय तोवर उघडं असतं का? हे आधीच ठरवा. बाकी पासाचं सोपं आहे. बारावीपर्यंत गावातल्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे. त्यापुढं विद्यार्थ्यांच्या मासिक पासाला तिकिटाच्या एक तृतीयांश पैसे पडतात.

आत गेल्यावर काय बघायचं

आधी नोटीस बोर्ड. त्यावर यंदाचं वेळापत्रक, शिष्यवृत्तीची सूचना, परीक्षेची तारीख असेल तर कॉलेज चालू आहे असं समजा. दोन वर्षांपूर्वीचे पिवळे कागद असतील तर तेही काहीतरी सांगतात.

मग वर्गांवरून एक चक्कर मारा. वेळापत्रकात ज्या वर्गावर तास लिहिला आहे, तिथं खरंच शिकवणं चालू आहे का? वर्गात मुलं किती आहेत? अकरावी-बारावी सायन्सला काही ठिकाणी पोरं फक्त नावाला असतात, शिकायला शहरात क्लासला जातात आणि हजेरी कागदावर लागते. आपल्या मुलीला क्लासची फी परवडणार नसेल, तर तिचं सगळं शिक्षण कॉलेजातल्या तासांवरच उभं आहे. तिथं तासच होत नसतील तर ते कॉलेज तिच्या कामाचं नाही.

प्रयोगशाळा उघडून दाखवायला सांगा. टेबलावर धूळ आहे की वापर दिसतो? बारावी सायन्सला भौतिक, रसायन, जीवशास्त्र या प्रत्येक विषयाला ३० गुण प्रॅक्टिकलचे असतात. ग्रंथालयात विचारा, पुस्तक घरी नेता येतं का आणि एका वेळी किती. गरजू मुलांना वर्षभरासाठी पुस्तकांचा संच देतात का, हेही विचारा.

आणि मुलींच्या बाथरूममध्ये स्वतः जाऊन या. पाणी, आतली कडी, दिवा, पॅड टाकायला डबा, एवढं बघा. यात लाजण्यासारखं काही नाही.

शिकवणारे कोण आहेत

हा प्रश्न आपण विचारत नाही, पण विचारायला हवा: "मुलगी जो विषय घेणार, त्याला कायम प्राध्यापक आहेत का, की तासिका तत्त्वावर?" तासिका तत्त्वावरचे सर-मॅडम चांगलं शिकवत नाहीत असं अजिबात नाही, कितीतरी जण जीव तोडून शिकवतात. पण त्यांना तासाप्रमाणे पैसे मिळतात. नेमणूक उशिरा झाली तर पहिले दोन महिने तो विषय कुणीच शिकवत नाही. म्हणून गेल्या वर्षी त्या विषयाचे तास कधी सुरू झाले, ते विचारून घ्या.

पदवीला जाणार असेल तर विषयांचं नीट समजून घ्या. नव्या शैक्षणिक धोरणात मुख्य विषय निवडावा लागतो, तीन वर्षांनी पदवी मिळते आणि चौथं वर्ष केलं तर ऑनर्सची पदवी मिळते. लहान कॉलेजात सगळे विषय नसतात. मुलीला भूगोल हवा आणि तिथं फक्त मराठी-इतिहास असेल, तर ते आधी कळलेलं बरं.

लहान कॉलेज म्हणजे हलकं कॉलेज, असं मात्र समजू नका. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली तीही लहानच होती आणि वसतिगृहातल्या मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही दिलं. चांगल्या लहान कॉलेजात सरांना मुलांची नावं पाठ असतात, चार दिवस मुलगी आली नाही तर घरी फोन येतो. तुम्ही बघायला जाता ते हेच.

सगळ्यात खरी माहिती मिळते ती तिथल्या मुलींकडून. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या दोघी-तिघी झाडाखाली बसलेल्या असतील, त्यांच्याजवळ जा. "बाळा, तास होतात का गं? पोरं त्रास देतात का? सांगितलं तर मॅडम ऐकतात का?" असं साधं विचारा. आणि थोडा वेळ बाजूला होऊन आपल्या मुलीला त्यांच्याशी एकटीनं बोलू द्या. आईसमोर बोलणार नाहीत ते त्या तिच्याशी बोलतील.

सुरक्षिततेचं विचारा

प्रत्येक कॉलेजात लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत तक्रार समिती असणं बंधनकारक आहे. तिच्या सदस्यांची नावं आणि नंबर लावलेले आहेत का बघा. रॅगिंगविरुद्धही समिती असावी लागते. रॅगिंगची तक्रार करायला देशभरासाठी एकच टोल फ्री नंबर आहे: १८००-१८०-५५२२. तो मुलीच्या मोबाईलमध्ये आणि वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.

वसतिगृहात ठेवणार असाल तर खोलीपर्यंत जाऊन या. रेक्टर बाई रात्री तिथंच राहतात का? एका खोलीत किती मुली? पाणी किती वेळ येतं? जेवणाच्या वेळेला गेलात तर ताटात काय आहे तेही दिसेल. मुलगी आजारी पडली तर दवाखान्यात कोण नेतं, हे विचारायला विसरू नका.

ऑफिसातले प्रश्न

खिडकीसमोर घाई होते, म्हणून प्रश्न घरूनच लिहून न्या. ऑफिसातल्या भाऊसाहेबांना नीट विचारलं तर ते सांगतात.

१. तुकडी अनुदानित आहे की विनाअनुदानित? एकाच इमारतीत दोन्ही असतात. सरकारी आणि अनुदानित ठिकाणी बारावीपर्यंत मुलींना शिक्षण फी नाही. विनाअनुदानित तुकडीची फी वेगळी असते.

२. एकूण फी किती आणि कशाकशाची? कागदावर लिहून घ्या. जेवढे पैसे द्याल तेवढ्याची पावती घ्या. "पावती नंतर देऊ" असं म्हणाले तर पैसेही नंतरच द्या.

३. कोणती सवलत मिळेल? इंजिनिअरिंग, फार्मसी अशा व्यावसायिक शिक्षणासाठी, ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींना शिक्षण फी आणि परीक्षा फी २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे. त्यासाठी प्रवेश शासनाच्या प्रवेश फेरीतून झालेला असावा लागतो, मॅनेजमेंट कोट्यातून नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलींसाठी वेगळ्या शिष्यवृत्त्या आहेत. घरापासून लांब राहून शिकणाऱ्यांसाठी स्वाधार, स्वयं, सावित्रीबाई फुले आधार आणि पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता अशा योजना आहेत. आपल्याला कोणती लागू होते ते तिथंच विचारा.

४. महाडीबीटीचा फॉर्म भरायला मदत करतात का? फॉर्म दरवर्षी भरावा लागतो. मुलीचं बँक खातं आधारला जोडलेलं असावं. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर यांना वेळ लागतो, ते उन्हाळ्यातच काढून ठेवा.

५. मूळ कागदपत्रं परत देतात का? प्रवेशाच्या वेळी मूळ गुणपत्रक तपासून लगेच परत द्यायचं, अडकवून ठेवायचं नाही, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा नियम आहे.

६. कमवा आणि शिका योजना आहे का? पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांत ती कर्मवीरांच्याच नावानं चालते. ग्रंथालयात, ऑफिसात, बागेत काम करून मुलीला स्वतःचा खर्च काढता येतो.

मान्यता बघितल्याशिवाय एक रुपयाही नको

गावात एजंट येतो. "नर्सिंगला हजेरी लागत नाही, एका वर्षात सर्टिफिकेट, नोकरी पक्की." असं ऐकलं की सावध व्हा. एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं आणि बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं असतं. नर्सिंग कौन्सिलची मान्यता नसलेल्या ठिकाणी शिकलेल्या मुलीची नर्स म्हणून नोंदणी होत नाही, मग सर्टिफिकेट कितीही रंगीत असो. फार्मसीला फार्मसी कौन्सिलची, पॉलिटेक्निक-इंजिनिअरिंगला एआयसीटीईची आणि बीए, बीकॉम, बीएस्सीला विद्यापीठाची संलग्नता लागते. मान्यतेचं पत्र कोणत्या वर्षाचं आहे ते बघा, फोटो काढा आणि कौन्सिलच्या किंवा विद्यापीठाच्या वेबसाइटवर नाव आहे का ते गावातल्या शिकलेल्या मुलांकडून तपासून घ्या. इथं गेलेले पैसे एक वेळ गटाच्या मदतीनं फेडता येतील, पण मुलीची गेलेली वर्षं परत येत नाहीत.

घरी आल्यावर

परतीच्या बसमध्येच मुलीला विचारा, "तुला कसं वाटलं?" आणि ती बोलेपर्यंत आपलं मत सांगू नका. रोज जायचं आहे ते तिला. तिला आवडलं नाही तर का, ते ऐकून घ्या. शक्य असेल तर दोन कॉलेजं बघा, म्हणजे तुलना करता येते.

मग वर्षाचा खर्च मांडा. नुसती फी नाही, तर पास, पुस्तकं, परीक्षा फी, मेस किंवा खोली, मोबाईलचं रिचार्ज, सगळं. त्यातून सवलत वजा करा. उरलेली रक्कम तीन वर्षं झेपेल का? गटाचं कर्ज पहिल्या हप्त्यापुरतं ठीक आहे. मोठी रक्कम असेल तर बँकेच्या शैक्षणिक कर्जाची चौकशी करा. ४ लाखांपर्यंत त्याला तारण लागत नाही आणि परतफेड शिक्षण संपल्यावर सुरू होते.

गटाच्या पुढच्या बैठकीत यावर बोला

- आपल्या गटात यंदा दहावी-बारावीला कुणाकुणाच्या मुली आहेत?
- चौघी-पाचजणी मिळून एकाच दिवशी कॉलेज बघायला जाता येईल का? एकटीला विचारायला जड जातं ते चौघींना जात नाही.
- गटातल्या कुणाची मुलगी आधीच कॉलेजात शिकते का? तिला बैठकीत बोलावून तिचा अनुभव ऐकूया.
- संध्याकाळची बस नसेल तर ग्रामसभेत ठराव करून आगार व्यवस्थापकांना अर्ज देता येईल. पाच गावांच्या गटांनी मिळून दिला तर त्याला वजन येईल.