मे महिन्यात एक, नोव्हेंबरात दुसरं

मागच्या काही भागांत आपण गटाचं कर्ज, शेळीचा विमा, लेकरांचा डोस असं बोललो. आज जरा वेगळा विषय घेतलाय. गटाच्या बैठकीत हिशेब मिटला की बाया हळूच एकमेकींना विचारतात, "काय गं, खासदारकीला एक निकाल लागला अन् आमदारकीला दुसराच. लोकं सहा महिन्यांत बदलली कशी?" प्रश्न बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर पारावरच्या गप्पांत पुरतं मिळत नाही. म्हणून आम्ही आकडे समोर घेऊन बसलो.

कोणत्या पक्षाला मत द्यावं, हे आम्ही सांगणार नाही. मत कसं फिरतं, तेवढंच बघू.

आधी नकाशा डोळ्यांपुढे आणा. आपला बीड लोकसभा मतदारसंघ म्हणजे सहा विधानसभा मतदारसंघ: गेवराई, माजलगाव, बीड, आष्टी, केज आणि परळी. आपल्या आष्टी विधानसभेत आष्टी, पाटोदा आणि शिरूर कासार हे तीन तालुके येतात. खासदार सहाही ठिकाणच्या मतांवर ठरतो, आमदार फक्त आपल्या. त्यामुळे आष्टीत एखादा उमेदवार पुढे असला तरी तो खासदारकीला पडू शकतो. 2024 ला नेमकं तेच झालं.

13 मे 2024 रोजी आपल्याकडे लोकसभेचं मतदान झालं. 4 जूनला मोजणी रात्री उशिरापर्यंत चालली, तुम्हाला आठवत असेल. बजरंग सोनवणे यांना 6,83,950 मतं पडली आणि पंकजा मुंडे यांना 6,77,397. फरक 6,553. आष्टी आणि परळीनं पंकजाताईंना आघाडी दिली होती, पण बीड आणि गेवराईकडून बजरंगबाप्पांना मिळालेल्या आघाडीनं पारडं फिरलं.

हा 6,553 चा आकडा जरा उलगडून बघू. आपल्या लोकसभा मतदारसंघात दोन हजारांहून जास्त मतदान केंद्रं आहेत. म्हणजे एका केंद्रामागे फरक तीन मतांचा. त्यातही एक गंमत आहे. एका माणसानं इकडचं मत तिकडे टाकलं की इकडचं एक कमी होतं आणि तिकडचं एक वाढतं, म्हणजे फरक दोननं बदलतो. साडेतेरा लाखांहून जास्त मतांच्या त्या लढतीत 3,277 माणसांनी बाजू बदलली असती तर निकाल उलटा लागला असता. एवढे लोक तर आपल्या एका मोठ्या गावच्या बाजाराला येतात. "माझ्या एका मतानं काय होतंय" म्हणणाऱ्या जावेला हा हिशेब जरूर सांगा.

चिन्हाचाही घोळ झाला. सोनवणे यांच्या पक्षाचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. त्याच यंत्रावर एका अपक्षापुढे नुसतं वाद्य होतं आणि त्याचंही नाव तुतारीच लिहिलेलं. त्या अपक्षाला पन्नास हजारांच्या वर मतं पडली. त्यातली किती ओळखून पडली आणि किती चुकून, हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण "तुतारीला मत द्यायचं" एवढंच ऐकून गेलेल्या म्हातारीची फसगत झाली असेल, हे समजण्यासारखं आहे. साताऱ्यातही याच चिन्हावरून तेव्हा बरीच ओरड झाली. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना नेताना चिन्हाबरोबर उमेदवाराचं नाव आणि यंत्रावरचा त्याचा नंबरही समजावून सांगावा.

आता नोव्हेंबर. 20 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेचं मतदान झालं. आष्टीत सुरेश धस निवडून आले, तेही 75 हजारांपेक्षा जास्त मतांच्या फरकानं. जिल्ह्यातल्या सहा जागांपैकी पाच महायुतीला गेल्या. महाविकास आघाडीकडे एकटी बीडची जागा राहिली, संदीप क्षीरसागर यांची. राज्यातही तसंच. मे महिन्याच्या निवडणुकीत 48 पैकी 30 खासदार महाविकास आघाडीचे आले, महायुतीचे 17 आणि सांगलीतून एक अपक्ष. मराठवाड्यातल्या आठ जागांपैकी महायुतीला एकच मिळाली, तीही औरंगाबादची. नोव्हेंबरात पार उलटं झालं: 288 पैकी 230 जागा महायुतीतल्या तीन मोठ्या पक्षांच्या.

मग लोकं बदलली का? आमच्या मते थोडी बदलली, पण जास्त बदलला तो प्रश्न. मे महिन्यात विचारणा होती दिल्लीची आणि नोव्हेंबरात मुंबईची. या दोन प्रश्नांना एकच माणूस दोन उत्तरं देऊ शकतो. याचा सगळ्यात पक्का पुरावा नांदेडला आहे. तिथले खासदार वसंतराव चव्हाण यांचं निधन झालं, म्हणून 20 नोव्हेंबरलाच तिथे विधानसभेबरोबर लोकसभेची पोटनिवडणूकही झाली. मतदार तेच, दिवस तोच, यंत्रं दोन. त्या लोकसभा मतदारसंघातल्या सहाही विधानसभा महायुतीनं जिंकल्या, आणि लोकसभेला काँग्रेसचे रवींद्र चव्हाण 1,457 मतांनी निवडून आले. एका यंत्रावर एक बटन दाबून दोन पावलं पुढे गेल्यावर हजारो लोकांनी दुसरं बटन दाबलं. बाहेर येऊन त्यांना कुणी विचारलं असतं, तर प्रत्येकाकडे कारण असणार.

आपल्याकडेही असं आधी घडलंय. गोपीनाथराव मुंडे 3 जून 2014 ला गेले. त्यानंतर 15 ऑक्टोबर 2014 ला लोकसभेची पोटनिवडणूक आणि विधानसभा एकाच दिवशी झाली. डॉ. प्रीतम मुंडे 6,96,321 मतांच्या फरकानं जिंकल्या, देशभर गाजलेला आकडा. तरी त्याच दिवशी बीड विधानसभेनं राष्ट्रवादीचे जयदत्त क्षीरसागर निवडले. लेकीला खासदार करायचं हे लोकांनी ठरवलं होतं, आणि आमदार कोण हेही वेगळं ठरवलं होतं.

ही सवय फक्त आपल्याच मातीतली आहे असंही नाही. कॅनडा देशात टोरांटो नावाचं मोठं शहर आहे. त्याच्या कडेला ब्रॅम्प्टन नावाचं उपनगर आहे, तिथे आपल्या देशातून, विशेष करून पंजाबातून गेलेली माणसं खूप. आपल्यासारखंच तिथेही देशाचं सरकार वेगळं निवडायचं आणि प्रांताचं वेगळं. 2011 ला देशाच्या निवडणुकीत ब्रॅम्प्टननं सगळ्या जागा कन्झर्व्हेटिव्ह पक्षाला दिल्या. 2015 ला सगळ्या लिबरल पक्षाला. 2021 ला पुन्हा लिबरल, पाचही जागा. आणि पुढच्याच वर्षी प्रांताच्या निवडणुकीत पाचही जागा कन्झर्व्हेटिव्हांना! तिथलेही पुढारी डोक्याला हात लावून बसतात. घराचा हप्ता, किराणा, लेकराची नोकरी हे जिथे रोज टोचतं, तिथली माणसं एका पक्षाला कायमची बांधून घेत नाहीत. ब्रॅम्प्टन काय आणि कडा काय.

बरं, आपल्याकडे मे ते नोव्हेंबर काय काय घडलं, ते आठवू. डिसेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली, ती 4 मे 2024 ला उठवली, म्हणजे मतदानाच्या नऊ दिवस आधी. कांदा काढून बसलेल्या घरात हा राग किती असेल, हे कडा-आष्टी पट्ट्यातल्या बाईला सांगायची गरज नाही. सोयाबीन आणि कापसाच्या भावाचंही तेच दुखणं. आणि आरक्षणाचा प्रश्न पेटलेला होता. मनोज जरांगे मूळचे आपल्याच शिरूर कासार तालुक्यातल्या मातोरीचे. अंतरवाली सराटीत 1 सप्टेंबर 2023 ला लाठीमार झाला आणि त्यानंतर बीड जिल्हा शांत राहिलाच नाही. मराठा एकीकडे, ओबीसी दुसरीकडे अशी भिंत गावागावांत उभी राहिली. हळदीकुंकवाला जाणं बंद झालं, दुकान बदललं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. लोकसभेच्या मतांवर त्याची छाया होती, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पुढे 28 जूनला राज्याच्या अर्थसंकल्पात मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना आली. 21 ते 65 वयाच्या, अडीच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या बाईच्या खात्यात महिना 1,500 रुपये. ऑगस्टपासून पैसे जमा होऊ लागले. निवडणुकीत 2,100 करण्याचं आश्वासनही दिलं गेलं. राज्यात मतदान लोकसभेला 61 टक्क्यांच्या आसपास होतं, ते विधानसभेला 66 टक्के झालं. बायांचं मतदान 2019 च्या विधानसभेपेक्षा चांगलंच वाढलं.

इथे आम्हाला एक गोष्ट खटकते. निकालानंतर शहरातले जाणकार म्हणाले, "बायांनी पंधराशेला मत विकलं." पुरुषानं कर्जमाफीच्या आश्वासनावर मत दिलं तर तो शेतकऱ्यांचा कौल, आणि बाईनं स्वतःच्या खात्यात आलेल्या पैशावर दिलं तर ती विक्री? ज्या बाईच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावचे पैसे आले, तिनं ते मोजले आणि लक्षात ठेवले. त्यात चूक काय? पण याची दुसरी बाजूही आहे. पैसा कुणा पुढाऱ्याच्या खिशातला नाही, सरकारी तिजोरीतला आहे. तो घेतला म्हणून मत द्यायचं बंधन कुणावर नाही. आणि "मत दिलं नाहीस तर नाव कापू" असं कुणी म्हणत असेल, तर तो गुन्हा आहे.

विधानसभेचा निकाल एकट्या लाडक्या बहिणीनं लागला असंही नाही. आष्टीचंच बघा. धस भाजपचे. त्यांच्यासमोर महायुतीतलेच बाळासाहेब आजबे उभे, ज्याला मैत्रीपूर्ण लढत म्हणतात. भीमराव धोंडे अपक्ष, आणि शरद पवार गटाकडून मेहबूब शेख. मतं वाटली गेली आणि सगळ्यांत मोठा गठ्ठा एकाकडे राहिला. ही माणसं तरी एका जागी कुठे थांबली? धस 1999 आणि 2004 ला भाजपचे आमदार, 2009 ला राष्ट्रवादीचे. 2014 च्या लोकसभेला राष्ट्रवादीकडून ते गोपीनाथरावांच्या विरोधात उभे होते. आता पुन्हा भाजपचे. धोंडे 2014 ला भाजपकडून आमदार, 2024 ला अपक्ष. परळीत 2019 ला धनंजय मुंडे यांनी पंकजाताईंना हरवलं आणि 2024 ला त्यांचाच प्रचार केला. मतदार फिरला म्हणून बोट दाखवणाऱ्यांनी आधी पुढाऱ्यांकडे पाहावं. माणूस तोच, झेंडा दुसरा, अशा वेळी मतदार माणूस बघून मत देतो, आणि कागदावर दिसतं की पक्ष बदलला.

थोडं मागे गेलो तर बीड कधीच कुणाच्या दावणीला बांधलेलं नव्हतं. साताऱ्याकडचे क्रांतिसिंह नाना पाटील 1967 ला इथून कम्युनिस्ट पक्षाचे खासदार झाले. 1977 ला मार्क्सवादी गंगाधरअप्पा बुरांडे. 1980, 1984 आणि 1991 ला काँग्रेसच्या केशरकाकू क्षीरसागर, मध्ये 1989 ला जनता दलाचे बबनराव ढाकणे. 1996 ला भाजपकडून रजनीताई पाटील. जयसिंगराव गायकवाड 1998 आणि 1999 ला भाजपचे, 2004 ला राष्ट्रवादीचे. प्रीतमताई धरून इथून सहा वेळा बाई निवडून गेली. ज्याला मागास जिल्हा म्हणतात, त्याचं हे पुस्तक कुणी नीट वाचत नाही.

आता ज्या गोष्टीवर कुणीच बोलत नाही, ती ऊसतोड. लोकसभा मे महिन्यात होते, तेव्हा कोयते गावी परतलेले असतात. विधानसभा ऑक्टोबर-नोव्हेंबरात, तेव्हा गाड्या भरायची वेळ असते. 2024 ला गाळप हंगाम 15 नोव्हेंबरपासून सुरू करायचं ठरलं होतं आणि मतदान 20 ला. उचल घेतलेली बाई मुकादमाला "मत देऊन येते" म्हणू शकते का? गेली तर दिवसाची मजुरी बुडते, येण्याजाण्याचं भाडं वेगळं. पुढाऱ्यानं गाडी पाठवली तर ती येते, पण मग गाडी कुणाची हेही तिच्या लक्षात राहतं, आणि मतदाराला अशी गाडी पुरवणं कायद्यात बसत नाही. बाहेरगावी असलेल्या मतदाराला तिथूनच मत देता यावं म्हणून निवडणूक आयोगानं जानेवारी 2023 मध्ये एका यंत्राबद्दल पक्षांशी चर्चा केली. मे आणि नोव्हेंबरच्या मतदानात ते नव्हतं. म्हणजे दोन निवडणुकांत मत देणारी माणसं अगदी तीच नसतात, आणि निकालातला थोडा फरक इथूनही येतो.

शेवटी एक कामाची गोष्ट. निकालानंतर पुढारी म्हणतात, "तुमच्या गावानं लीड दिलं नाही, रस्ता कसा मागता?" त्यांना हे कळतं कसं? प्रत्येक केंद्रावर कुणाला किती मतं पडली, हे फॉर्म 20 नावाच्या तक्त्यात येतं, आणि तो तक्ता सगळ्यांना बघता येतो. तुमचं एकटीचं मत कुणालाच कळत नाही, ते गुप्तच राहतं. पण गावाचा आकडा उघड असतो. अनेक केंद्रांची मतं एकत्र करून मोजणारं टोटलायझर नावाचं यंत्र वापरावं, अशी शिफारस विधी आयोगानं 2015 साली केली होती. 2024 च्या दोन्ही मोजण्या मात्र जुन्याच पद्धतीनं झाल्या.

फॉर्म 20 पुढाऱ्यांना बघता येतो, तर आपल्यालाही येतो. पुढच्या बैठकीत गटातल्या एखाद्या शिकलेल्या मुलीला मोबाईलवर राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरून आपल्या गावच्या केंद्राचे मे आणि नोव्हेंबर, दोन्हींचे आकडे काढायला सांगा. शेजारी शेजारी लिहा. कुणाची मतं किती कमी झाली, कुणाची वाढली, एकूण मतदान किती बदललं, हे बघा. आणि त्या नोव्हेंबरात गावातले किती कोयते बाहेर होते, हे तुम्हालाच ठाऊक आहे, तेही त्याच वहीत लिहा. तो आकडा कुठल्याच तक्त्यात सापडत नाही.