भूमिगत अवशेषांचे संरक्षण आणि ग्रंथांची साक्ष

प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे यांविषयीच्या १९५८ च्या केंद्रीय कायद्यातील 'पुरातत्त्वीय स्थळा'ची व्याख्या लक्षपूर्वक वाचण्याजोगी आहे. किमान शंभर वर्षांपूर्वीचे अवशेष जेथे प्रत्यक्ष आढळतात तेवढीच भूमी नव्हे, तर ते तेथे असावेत असे मानण्यास वाजवी आधार आहे, अशी भूमीही तीत समाविष्ट होते. म्हणजे अदृश्य अवशेषांचे अस्तित्व कायद्याने तत्त्वतः मान्य केले आहे. प्रत्यक्ष संरक्षण मात्र राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून घोषित झालेल्या स्थळांनाच लाभते. २०१० च्या दुरुस्तीनुसार अशा स्थळापासून १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई असून त्यापुढील २०० मीटर क्षेत्र नियंत्रित असते. राज्यांचे कायदेही घोषणेवरच आधारलेले आहेत.

व्याख्या आणि व्यवहार यांतील ही तफावत भिलाई परिसरात स्पष्ट दिसते. येथील पोलाद कारखाना १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून उभा राहिला; तेव्हा १९५८ चा कायदा अस्तित्वात नव्हता. आज सुपेला आणि भोवतालच्या वस्त्या मिळून सलग शहर झाले आहे. भिलाई-३ नजीकचे देवबलोदा येथील कलचुरिकालीन शिवमंदिर उभे असल्याने नोंदले गेले आणि केंद्रसंरक्षित ठरले. याच दुर्ग जिल्ह्यात खारून नदीकाठी तरीघाट येथील प्राचीन वसाहत मात्र टेकाडांखाली दडलेली होती. राज्य पुरातत्त्व विभागाच्या २०१२-१३ पासूनच्या उत्खननाने ती उजेडात आली. असे टेकाड रस्त्याच्या भरावासाठी खणले गेले, तर नाणी व खापरे कदाचित हाती येतील. परंतु कोणती वस्तू कोणत्या थरात, कशासोबत होती, हा संदर्भ कायमचा नष्ट होतो. पोथीची विस्कळीत पाने दुसऱ्या प्रतीवरून लावता येतात. थरांना दुसरी प्रत नसते.

मग 'वाजवी आधार' कोठून मिळवावा? पृष्ठभागावरील खापरे, भूभौतिक सर्वेक्षण आणि जुने महसुली नकाशे ही साधने परिचित आहेत. ग्रंथांची साक्ष हे त्यांच्याच जोडीचे साधन होय. कनिंगहॅम यांनी ह्युएनत्संगाच्या प्रवासवर्णनाच्या आधारे अनेक बौद्ध स्थळांचा माग काढला. मराठीत महानुभावांची 'स्थानपोथी' या दृष्टीने असाधारण आहे. श्रीचक्रधरांच्या वास्तव्याने पावन झालेल्या स्थानांची वर्णने करताना ती देवळांच्या दिशा आणि परस्परांतील स्थाने नोंदवते. त्यांतील कित्येक वास्तू आज उभ्या नाहीत.

अर्थात, ग्रंथातील उल्लेख हा अवशेषाचा पुरावा नव्हे. स्थलनामे बदलतात, गावे सरकतात, श्रद्धा वर्णनाला आकार देते. म्हणून पाठचिकित्सेनंतरच अशा उल्लेखाचा उपयोग करावा लागतो. ग्रंथाने शक्यता सुचवावी व भूमीवरील सर्वेक्षणाने ती पडताळावी, हा क्रम योग्य होय. मात्र ही पडताळणी विकासाचा आराखडा मंजूर होण्यापूर्वी व्हावयास हवी. त्या टप्प्यावर रस्त्याची दिशा थोडी वळवता येते किंवा इमारतीचा पाया अन्यत्र घेता येतो. यंत्रे कामाला लागल्यानंतर उरते ती केवळ घाईची वेचणी.