आजीचं ऊन आणि आमचा नवा बंब

मुलांनो, तुमच्या घरी बंब आहे का? तांब्याचा, पोटात जाळ आणि डोक्यावर धुराडं असलेला? आमच्या सातारच्या घरी आहे. पहाटे पाचला उठून सासूबाई, म्हणजे माझ्या लेकीची आजी, त्यात लाकडं सारायच्या आणि धुरानं खोकून बेजार व्हायच्या. शेवटी मागच्या उन्हाळ्यात आम्ही ठरवलं, आता पाणी सूर्याकडून तापवून घ्यायचं!

दुकानात जाण्याआधी लेकीनं वही-पेन्सिल घेतली. घरात माणसं पाच. प्रत्येकाला २० लिटरची एक बादली, ४० अंश तापलेली. टाकीतलं पाणी ६० अंश आणि नळाचं २० अंश धरलं, तर दोन्ही निम्मं-निम्मं मिसळलं की झालं ४०! म्हणजे माणशी कढत पाणी १० लिटर, पाच जणांना ५०. भांडी आणि पाहुणे धरून १०० लिटरचा संच पुरे. एवढं पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला विजेच्या गिझरला सुमारे ४ युनिट लागतात, बरं का!

संच दोन प्रकारचे असतात. एकात काचेखाली काळा पत्रा आणि त्याला जोडलेल्या तांब्याच्या बारीक नळ्या. दुसऱ्यात काचेच्या दुहेरी नळ्या. दोन काचांमध्ये हवा नसते, म्हणून थर्मासप्रमाणे उष्णता आतच राहते. आमचं पाणी बोअरचं. बंबाच्या तळाशी क्षारांचा पांढरा थर साचतो, तसा तो तांब्याच्या बारीक नळ्यांतही साचून त्या बुजतात. म्हणून आम्ही रुंद काचेच्या नळ्या घेतल्या. पंप लागतच नाही. तापलेलं पाणी हलकं होऊन वरच्या टाकीत चढतं आणि थंड पाणी खाली उतरतं.

मेचा दुसरा आठवडा होता. फिटरनं गच्चीवर जिन्याच्या खोलीमागची, उत्तरेकडची जागा दाखवली. न्हाणीघर जवळ, पाइप कमी! भर दुपारी तिथं लख्ख ऊन होतं. आम्ही हो म्हणणार, एवढ्यात आजी म्हणाल्या, "अगं, तिथं दिवाळीनंतर उन्हाची तिरीपसुद्धा येत नाही. थंडीत मी उन्हाला बसते ती त्या पलीकडच्या बाजूला!"

आजींचं अगदी बरोबर होतं! मेच्या त्या दिवसांत साताऱ्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली जवळजवळ नाहीशी होते. डिसेंबरात मात्र तो दक्षिणेकडे कलतो. तेव्हा अडीच मीटर उंच भिंतीची सावली दुपारीसुद्धा उत्तरेला दोन मीटरहून लांब पडते. म्हणजे गरम पाणी सर्वांत जास्त हवं, तेव्हाच आमच्या नळ्या सावलीत गारठल्या असत्या आणि साठवलेले पैसे पाण्यात गेले असते!

संच मग दक्षिणेच्या मोकळ्या जागेत, दक्षिणेकडे तोंड करून बसवला. पाइप जास्त लागला. साधा पीव्हीसी पाइप गरम पाण्यानं मऊ पडतो, म्हणून सीपीव्हीसी घेतला आणि उष्णता टिकावी म्हणून त्यावर आवरण चढवलं. थंड पाण्याची टाकी गरम टाकीपेक्षा उंच हवी, नाहीतर पाणी आपोआप भरत नाही. तिच्यासाठी चौथरा बांधावा लागला. तो खर्च आम्ही आधी धरलाच नव्हता! तुम्ही यादीत तो पहिल्यांदा लिहा.

पावसाळ्यात ढग असले की बंब अजूनही पेटतो. पण थंडीभर आजी पहाटे खोकल्या नाहीत.

तुमच्या घरी असा बेत असेल, तर २२ डिसेंबरला सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता गच्चीवर जा. सावल्यांच्या कडा खडूनं आखा. खडूची रेघ जिथं पोचली नाही, ती जागा संचाची. आणि हो, आजीला विचारायला विसरू नका!