तांबे कोरणारा हात

बरोक काळातील युरोपीय धर्मचित्रांत ‘एचिंग’ची रीत अशी : तांब्याच्या पत्र्यावर मेण-राळेचा थर द्यायचा, सुईने त्यात रेघा ओढायच्या. पत्रा आम्लात ठेवला की उघड्या रेघाच खाल्ल्या जातात. मग थर काढून खाचांत शाई भरायची, वरची पुसायची, ओलसर कागद रुळाखाली दाबायचा. एका पत्र्यातून अनेक प्रती निघतात. रेम्ब्रांटने १६४८ च्या सुमारास मुख्यतः याच रीतीने ख्रिस्ताभोवतीचे रोगी, दरिद्री लोक दाखवले. ते चित्र ‘शंभर गिल्डरचे’ म्हणूनच ओळखले जाते. चित्र दरिद्र्यांचे, किंमत धनिकांची!

आपल्याकडे पेशवाईच्या अखेरीस पुण्यातला एक तांबट पत्र्यावर अक्षरे कोरायला शिकला. पुढे १८०५ साली, गडहिंग्लजपासून फार दूर नसलेल्या मिरजेत, गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने कोरीव पत्र्यांवरून भगवद्गीता छापली गेली. पोथी छापून निघाली, पण अस्पृश्याला अक्षराचा हक्क मिळाला नाही. त्यासाठी १८४८ पासून जोतीराव-सावित्रीबाईंनी शाळा काढाव्या लागल्या.

यंत्र प्रती वाढवते. मक्ता मोडावा लागतो तो माणसांनीच. म्हणून छपाईचा इतिहास शिकवताना विद्यार्थ्यांपुढे दोन प्रश्न ठेवावेत : कोरले कोणी, आणि वाचू दिले कोणाला?